शेपटीवाल्या तिवईचं तोंड

मखमलाबादच्या गोटीराम काकडांच्या वाट्याला दीड एकर बागायत आली होती, एक विहीर आली होती, आणि एक प्रश्न आला होता. प्रश्न असा, की 'हे असं कशाला केलं असंल?'

मेथी, कोथिंबीर आणि झेंडू पिकवून ते बाजारात नेणाऱ्या माणसाला या प्रश्नाचा काही उपयोग नाही. मेथीची जुडी कशाला केली, हे मेथीलासुद्धा ठाऊक असतं. पण गोटीरामांचा प्रश्न मेथीला नव्हताच, तो लाकडाला होता.

सुरुवात झाली ती त्यांच्या स्वतःच्याच अंगणात. घरातली जुनी तिफण मोडकळीला आली, ट्रॅक्टरने पेरणी व्हायला लागली, तेव्हा तिचं सरपण करायला म्हणून गोटीराम कुऱ्हाड घेऊन बसले. तिफणीवर जे लाकडी वाटीसारखं चाडं असतं, ज्यात मूठ धरून बी सोडतात, ते समोर ठेवलं, कुऱ्हाड उगारली आणि हात वरच राहिला. चाड्याच्या काठाला एक पोपट कोरलेला होता. चांगला चोच वाकडी करून बसलेला, बोटाएवढा पोपट. वीस वर्षं गोटीराम या चाड्यातून पेरत आले होते, पण मूठ नेमकी त्या पोपटावरच टेकायची, त्यामुळे त्यांना तो कधी दिसलाच नव्हता.

"अगं, पेरायला पोपट कशाला लागतो?" त्यांनी बायकोला विचारलं.

नवसाबाई चुलीपाशी होत्या. त्या म्हणाल्या, "पेरायला लागत नसंल, पण जाळायला चालंल. आणा इकडं, भाकरी थांबल्यात."

भाकरी त्या दिवशी तुराट्यांवर झाल्या. पोपट वाचला, आणि नवसाबाईंच्या संसाराला जी कीड लागली ती तेव्हापासून.

ते दिवसही तसे होते. साल एक्क्याण्णव-ब्याण्णव. द्राक्षांनी आणि कांद्यांनी बरी वर्षं दाखवली की गावोगाव घरांवर स्लॅब पडत होता. आणि घरावर स्लॅब पडला की आतल्या लाकडाला लाजल्यासारखं होतं. सनमायकाचं कपाट आलं की काठवट माळ्यावर जायची, प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या की चौरंग गोठ्यात जायचा, आणि गोठ्याचाही स्लॅब झाला की मग होळी होतीच. गोटीराम नेमके माळा आणि होळी यांच्या मधे जाऊन उभे राहायचे. कुणाकडे बारशाला गेले तरी पाळण्यात आधी पोरगं बघायचे नाहीत, पाळण्याची कडी बघायचे. परत येताना टेंपोत काहीतरी असायचं. भाजीच्या क्रेटांसाठी बांधलेल्या शेडमधे मग धान्य मोजायच्या पायल्या आल्या, तेलाची लाकडी बुधली आली, मोटेचं चाक आलं, पेठकडून बोहाड्याच्या सोंगांतला, नाक तुटलेला मुखवटा आला. क्रेट उन्हात आले.

"आमच्या घरात धडकं आलं की बाजारात जातं," नवसाबाई शेजारणींना सांगायच्या, "आणि मोडकं आलं की मुक्कामाला राहतं."

गोटीराम विचारणारे होते, पण त्यांना सांगणारा कुणी नव्हता. ती उणीव ढुंढिराजपंतांनी भरून काढली. ढुंढिराज हे मूळचे त्र्यंबकच्या उपाध्यायांच्या घरातले. भाऊ यजमान सांभाळत होते, हे नाशिकला बँकेत. सफारी घालायचे, पण गोटीराम त्यांना पंतच म्हणायचे. बुधवारच्या बाजारात गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, मेथी घ्यायला आले असताना त्यांची नजर गोटीरामांच्या गल्ल्याकडे गेली. गल्ला म्हणजे कोयरीच्या आकाराचा, झाकणावर मासा कोरलेला जुना लाकडी डबा होता.

"अहो, ही लोककला आहे!" ढुंढिराज म्हणाले.

"नाय, सुट्टे पैसे हायेत," गोटीराम म्हणाले.

पण मैत्री जुळली. ढुंढिराजांचा स्वभाव असा, की प्रश्न पुरा व्हायच्या आत त्यांच्याकडे उत्तर तयार असायचं. विचार ते नंतर सवडीने करायचे आणि पुढच्या बुधवारी दुसरं उत्तर घेऊन यायचे. गोटीरामांना हे फार आवडायचं. एका मेथीच्या जुडीत दोन उत्तरं म्हणजे सौदा वाईट नव्हता.

अठ्ठ्याण्णवच्या सुमाराला ती तिवई आली, आणि या जोडीची परीक्षाच सुरू झाली.

गोटीरामांची थोरली बहीण भिमाबाई चांदवडकडच्या एका गावात दिलेली. तिच्याकडे कांद्याचं रोप आणायला गेले असताना शेजारच्या देवरामच्या गोठ्यात दुधाची किटली ठेवलेली एक तिवई त्यांनी पाहिली. जुनं सागवान, बसायची जागा हातभर लांब, जराशी उतरती आणि मधे खोलगट. पाय तीन. त्यातले मागचे दोन अगदी खुरांसकट कोरलेले, पुढचा एक मात्र साधा बाभळीचा सोट, कुणीतरी नंतर ठोकल्यासारखा. आणि मागच्या बाजूला, दोन खुरांच्या मधे, शेपूट. नुसतं शेपूट नाही, वेणी घातलेलं शेपूट, टोकाला गोंडा.

"हे काय हाय?" गोटीरामांनी विचारलं.

"तिवई," देवराम म्हणाला. देवराम साठीचा, उंच, आणि शब्द जपून वापरणारा.

"मग शेपूट कशाला?"

"हाय."

"देता का मला?"

देवरामने किटली उचलून खाली ठेवली आणि म्हणाला, "न्या." त्याचा विचार बदलायच्या आत गोटीरामांनी तिवई उचलली आणि ते इतक्या घाईने निघाले, की कांद्याचं रोप भिमाबाईच्या ओट्यावरच राहिलं.

घरी आल्यावर तिवई धुऊन पुसून अंगणात ठेवली, आणि मग त्यांना खरा प्रश्न पडला. शेपूट आहे, खूर आहेत, पाठ आहे. मग तोंड कुठं आहे?

ढुंढिराजांचं पहिलं उत्तर होतं, की हे देवाच्या घोड्याचं प्रतीक असून तोंड अव्यक्त आहे. दुसऱ्या बुधवारी ते म्हणाले, की हे सरदाराच्या मुलाचं खेळणं असावं. तिसऱ्या बुधवारी ते नुसतेच "हं" म्हणाले. येवल्याचा एक पैठणी विणणारा ओळखीचा होता. गोटीरामांनी तिवई एसटीच्या टपावर टाकून येवल्याला नेली, न जाणो मागावर बसायची असेल. विणकराने तिच्यावर बसून पाहिलं आणि सांगितलं, "भाऊ, हिच्यावर बसून पैठणी विणायची म्हटली तर मोर उतारावरून घसरतील." पेठच्या बोहाडेवाल्याने सांगितलं, सोंगातलं नाही. एक म्हातारा म्हणाला बाळंतिणीची असेल, दुसरा म्हणाला न्हाव्याची असेल. प्रत्येकाला ती दुसऱ्या कुणाच्या तरी धंद्यातली वाटायची.

गंमत अशी, की गोटीरामांनी निम्म्या जिल्ह्याला विचारलं, पण ज्याच्याकडून तिवई आणली त्या देवरामला काही परत विचारलं नाही. विचारलं आणि तो 'आणा परत' म्हणाला तर?

पाच वर्षं गेली. मखमलाबादमधे लग्नाच्या पंगतीत, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर, कुठेही गोटीराम दिसले की कुणीतरी विचारायचंच, "काय गोटीरामभाऊ, सापडलं का तोंड?" गोटीराम हसायचे, पण ते आतून झुरत होते. पहाटे बाजारासाठी उठले की आधी तिवईपाशी जाऊन बसायचे आणि पुढच्या बाजूला, जिथे काहीच नव्हतं तिथे, बघत राहायचे. ज्या सुताराने शेपटीला गोंडा काढला, त्याने तोंड काय केलं असेल! हसरं की रागीट? कान उभे की पडलेले?

एकदा ते नवसाबाईंना म्हणाले, "सांगून ठेवतो, ह्याचं तोंड बघितल्याबिगर मी काय मरायचा नाय."

"मंग न सापडलेलंच बरं," नवसाबाई म्हणाल्या.

दोन हजार तीनच्या दिवाळीनंतर ढुंढिराज एक पाकीट घेऊन थेट मळ्यातच आले. त्यांची मुलगी आभा सिंगापूरला नोकरीला होती. सुटीत ती जावाला जाऊन आली आणि बापाची आवड ठाऊक असल्यामुळे तिने तिथल्या खेड्यांतल्या जुन्या लाकडी सामानाचे फोटो काढून पाठवले होते.

"जावा म्हंजी फटफटी ना?" गोटीरामांनी विचारलं.

"बेट आहे हो. समुद्रात. भात खातात, सागवान पिकतं."

गोटीराम एकेक फोटो हातात धरून बघू लागले. भात साठवायची पेटी होती, एवढी मोठी की वर माणूस झोपेल, आणि तिच्या दर्शनी फळीवर वेलबुट्टी. एक बाक होता, बसून बसून मधे झिजलेला, हाताच्या टेकूला पक्ष्याची मान. एक साधं दार, पण कडीच्या वर कमळ. रंग उडालेला, कोपरे उंदरांनी खाल्लेले, सगळं अगदी त्यांच्या शेडमधे शोभेल असं.

"पंत, तिकडं पण पोपट!" गोटीराम म्हणाले. कुठलं ते बेट, कुठलं मखमलाबाद, पण तिकडेही कुणीतरी कामाच्या वस्तूवर बिनकामाचा पक्षी काढून ठेवला होता. आपण एकटेच वेडे नाही, असं त्यांना पहिल्यांदा वाटलं.

शेवटच्या फोटोत एक म्हातारी होती. ती एका बुटक्या लाकडी जनावरावर बसली होती. जनावराला चार पाय, मागे शेपूट, आणि तोंडाच्या जागी बाहेर आलेली लोखंडी जीभ. म्हातारीने नारळाची वाटी त्या जिभेवर धरली होती.

ढुंढिराजांनी घसा साफ केला. "हे बहुधा त्यांच्याकडचं एखादं कुलदैवत..."

"कुलदैवत कसलं, खोबरं खवती ती," नवसाबाई म्हणाल्या. त्या बाजूला मेथीच्या जुड्या बांधत बसल्या होत्या आणि एक डोळा फोटोवर होता. "बसायचं मागं आन् काम तोंडाशी. आमच्या माह्यरी शेवयांचा पाट असाच व्हता की. मागं बाई बसायची, पुढं खाचा असायच्या. तो नुसता फळीचा व्हता, घोडा नव्हता, येवढंच."

मग गोटीराम उठले. त्यांनी तिवई उताणी केली आणि तो बाभळीचा सोट हलवून हलवून उपसून काढला. मग तिवईच्या पुढच्या काठाला ठोकलेली लोखंडी पट्टी उचकटली. पट्टीखाली करवतीचे दात उमटलेले होते.

"नवसे," गोटीराम म्हणाले, "हे अर्धंच हाय गं!"

"मंग मी काय म्हन्ते?" नवसाबाई म्हणाल्या. "आता तिकडं जाऊन इचारा. पण शेपूट घरी ठेऊन जा. नेलं तर ते काय परत यायचं नाय."

दुसऱ्या दिवशीच्या एसटीने गोटीराम देवरामच्या ओट्यावर हजर झाले.

"पाव्हणं, अर्धं दिलं का हो मला?"

"तुम्ही इचारलं काय हाय. मी सांगितलं, तिवई," देवराम म्हणाला. मग त्याने थोडा वेळ समोरच्या भिंतीकडे पाहिलं. अंगणाच्या बरोबर मधून गेलेली, छातीएवढी मातीची भिंत होती ती. "घोडा आमच्या आज्याने केला. शेवयांचा. साऱ्या गावाच्या बाया यायच्या. बाप गेला, वाटणी झाली. म्हशी वाटल्या, विहिरीचं पाणी वाटलं. घोडा राह्यला. भाऊ पुंजा म्हणे माझा, मी म्हणे माझा. पंच कटाळले. त्यातला एक जण चिडून बोलला, मधून कापा मंग. चिडून बोलला तो, खरं नाय. पण आम्ही कापला."

"सुताराने कापला?"

"सुतार नाय म्हणला. करवत ठिऊन निघून गेला. मंग एका टोकाला मी धरली, एका टोकाला पुंजाने."

एवढं बोलणं देवरामच्या महिन्याच्या खर्चापेक्षा जास्त होतं. गोटीरामांच्या डोळ्यांपुढे ते दोघे भाऊ आले, समोरासमोर बसून तालात करवत ओढणारे. दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. त्यानंतर तीसएक वर्षं दोघांत शब्द नव्हता. अगदीच अडलं तर म्हशीला उद्देशून बोलायचे. शेवयांचं तर असं झालं, की एका घरी बसायला जागा होती पण शेवया पाडायला नव्हती, आणि दुसऱ्या घरी शेवया पाडायला जागा होती पण बसायला नव्हती.

"मंग तोंड?" गोटीरामांनी हळूच विचारलं.

देवरामने भिंतीकडे हनुवटी उडवली. भिंतीपलीकडून आवाज आला, कारण पलीकडे पुंजाराम पहिल्यापासून कान देऊन उभा होता.

"तोंड माझ्यापाशी हाय. दसऱ्याला पूजतो मी त्याला. पाव्हण्याला बघायचं असंल तर त्याने शेपूट आणावं. शेपटीबिगर तोंड दिसणार नाय!"

गोटीराम घरी आले ते पेचात. शेपूट नेलं नाही तर तोंड दिसत नाही, आणि नेलं तर शेपूट जातं. दोन दिवस ते झेंडूच्या वाफ्यात नुसतेच उभे राहिले. शेवटी नवसाबाईच म्हणाल्या, "न्या बाई ते एकदाचं. तुमच्याकडं बघून झेंडू सुकायला लागलाय."

रविवारी टेंपोत तिवई, गोटीराम आणि ढुंढिराज असे तिघे निघाले. गावात बातमी आधीच पोचली होती. देवरामची बायको तानुबाईने अंगण झाडून ठेवलं होतं. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, पुंजाराम आणि त्याची बायको चतुराबाई भिंतीला वळसा घालून या बाजूला आले. पुंजारामच्या कडेवर पोर असावं तसं गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्याने ते खाली ठेवलं आणि गोणपाट काढलं.

गोटीराम उकिडवे बसले.

घोडा हसत होता. चांगला दात काढून हसत होता. मान उंच केलेली, कान मागे पडलेले, डोळ्यांच्या जागी कवड्या, त्यातली एक पडून गेलेली, त्यामुळे तो डोळा मारतोय असं वाटायचं. कपाळावर वर्षानुवर्षांच्या हळदीकुंकवाचा थर. मानेवरची आयाळ म्हणजेच शेवयांच्या खाचा होत्या, आणि त्या उतरत उतरत थेट उघड्या तोंडातून, जिभेवरून बाहेर पडत होत्या. पीठ मानेवर दाबत गेलं की शेवया घोड्याच्या तोंडातून खाली येणार. म्हणजे सुताराने तोंड उघडं ठेवलं ते शेवयांसाठी. पण मग हसवलं कशासाठी? शेवयांना हसू लागत नाही. गोटीरामांनी भान विसरून त्या दातांवरून बोट फिरवलं.

"वा," ढुंढिराज म्हणाले.

मग दोन्ही अर्धी एकमेकांना लावली. ती जुळेनात. मधे बोटभर फट राहत होती, वर रुंद, खाली अरुंद.

"करवत तुझ्या अंगानं वाकडी चालली व्हती," पुंजाराम म्हणाला.

म्हैस आसपास नव्हती. वाक्य सरळ देवरामला उद्देशून होतं.

देवराम लाल झाला. "माझ्या अंगानं? मी सरळ वढत व्हतो. तू रेटत व्हता! करवत रेटायची नसती, वढायची असती, बापाने किती येळा सांगितलं व्हतं तुला!"

"बाप तुला बोलला व्हता ते, मला नाय! म्हशीची गव्हाण कापायच्या टायमाला!"

"गव्हाणीच्या टायमाला तू घरी तरी व्हता का? तू मनमाडला तमाशाला पळाला व्हता!"

तीस वर्षं साठलेलं बोलणं असं सुटलं, की देवरामचे जपून ठेवलेले सगळे शब्द एका दुपारात खर्ची पडले. दोघे पाळीपाळीने खाली वाकायचे, एक डोळा मिटून फट बघायचे आणि पुन्हा सुरू व्हायचे. तेवढ्यात तानुबाई शेपटीच्या बाजूला पाठीवर बसली, चतुराबाई तोंडाशी बसली, आणि दोघी पिठाशिवायच मानेवरून हात फिरवून काहीतरी बोलू लागल्या. मधेच दोघी हसल्या. त्यांना करवत कुणाची वाकडी याच्याशी काही कर्तव्य नव्हतं.

दिवस कलला तेव्हा गोटीराम उठले. शेपटीला हात घालायचा की नाही, या विचारात ते उभे राहिले, तोच दोन्ही भाऊ एकदम बोलले, "पाव्हणं, ते राहू द्या!"

एवढ्या वर्षांत दोघांचं एकमत झालं ते एवढ्यावरच, की गोटीरामांनी शेपूट नेऊ नये. पुंजारामला आपल्या घोड्याला शेपूट हवं होतं, देवरामला आपल्या घोड्याला तोंड. घोडा कुणाच्या ओट्यावर राहणार, हे भांडण तर अजून पुरतं सुरूही झालेलं नव्हतं.

गोटीरामांनी एकदा घोड्याकडे पाहिलं. शेडमधल्या त्या रिकाम्या जागेचा विचार मनात आला. पाच वर्षं ज्याच्यावर बसून बाजाराची पहाट काढली, ते आपलं शेपूट. पण तोंडासकट ते इतकं वेगळं दिसत होतं, की त्याला आता आपलं म्हणायला जीभ रेटेना.

"राहू देतो," ते म्हणाले. "पण शेवया करताना मला बोलवायचं."

चैत्रात भिमाबाईचा निरोप आला. या वेळी नवसाबाईही गेल्या, आणि गेल्या त्या सरळ पदर खोचून घोड्यावरच बसल्या. फट लाकडाची पाचर मारून बुजवली होती, पाचर कुणाच्या बाजूने मारली यावर भाऊ ओट्यावर बसून बोलत होते. तेलाचा हात लावलेलं पीठ नवसाबाईंनी मानेवर ठेवलं आणि दोन्ही तळव्यांनी पुढे लोटलं. घोड्याच्या हसऱ्या तोंडातून बारीक, पांढऱ्या शेवया खाली लोंबू लागल्या, आणि बघता बघता घोड्याला दाढी आली. हसणारा, एक डोळा मारणारा, दाढीवाला घोडा. बाया खदखदून हसल्या. आज्याने तोंड हसरं का केलं, ते आता निदान दिसत तरी होतं.

गोटीरामांचं तेवढ्याने समाधान होईना. ते पुढे सरकले, आणखी पुढे सरकले, आणि शेवटी शेवया झेलायला काठी धरून बसलेल्या चतुराबाईच्या शेजारी जमिनीवर चक्क उताणे झाले. डोकं घोड्याच्या तोंडाखाली.

"आवो पाव्हणं, हे काय!" चतुराबाई ओरडली. "शेवया तोंडावर पडतील ना!"

"पडू द्या," गोटीराम खालून म्हणाले. "टाळूला काय कोरलंय ते बघतोय."